सोलापूरचा माणूस, वालचंदनगरचं पोलाद आणि चांद्रयानाचा बूस्टर

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवतेय ना? ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला. मी तेव्हा पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये एका टीव्हीसमोर पन्नास जणांच्या गर्दीत उभा होतो. टाळ्या संपायच्या आत घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला: "ज्या रॉकेटने हे यान नेलं ते आपल्या सोलापूरजवळ बनलंय. अभिमान असेल तर पुढे पाठवा."

"पुढे पाठवा" दिसलं की मी मेसेज वाचतच नाही. पण हा डोक्यात राहिला. सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. रॉकेट कुठून आलं? मग शोधायला बसलो. निघालं असं की काकांचा मेसेज अर्धा चूक होता. जो अर्धा बरोबर होता, तो मात्र मेसेजपेक्षा भारी होता. तोच इथे नीट मांडतोय, म्हणजे पुढच्या वेळी ग्रुपवर असा मेसेज आला तर उत्तर तयार असेल.

आधी चूक काय ते

रॉकेट सोलापुरात बनत नाही. ते पूर्ण असं कुठल्याच एका गावात बनत नाही. चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ चे भाग देशभरातून येतात आणि जोडणी होते आंध्रातल्या श्रीहरिकोटाला. आपल्या महाराष्ट्राचा वाटा मात्र मोठा आहे. मधल्या टप्प्यात जे विकास इंजिन असतं ते मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये तयार होतं. बाजूच्या दोन जाड बूस्टरची पोलादी कवचं दोन कंपन्या बनवतात, एक एल अँड टी आणि दुसरी वालचंदनगर इंडस्ट्रीज. चांद्रयान-३ च्या बूस्टरचे सेगमेंट वालचंदनगरच्या कारखान्यातूनही गेले होते.

वालचंदनगर पुणे जिल्ह्यात येतं, इंदापूर तालुक्यात. सोलापूरहून पुण्याला एसटीने जाताना इंदापूरच्या आसपास डावीकडे आत पंचवीस-तीस किलोमीटर गेलं की लागतं. त्या रस्त्याने मी इंजिनिअरिंगनंतरची पाच-सहा वर्षं दर दिवाळीला ये-जा केली, आणि डावीकडे काय आहे याचा मला पत्ता नव्हता. भिगवणला चहा, टेंभुर्णीला लघुशंका, एवढाच माझा भूगोल.

पण ज्यांच्या नावाने ते गाव वसलं ते शेठ वालचंद हिराचंद दोशी मात्र अस्सल सोलापूरचे. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंद त्यात रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतल्या माणसाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या कामांची कंत्राटं घेतली, आणि सुरुवात झाली आपल्याच बार्शी लाइट रेल्वेपासून. पुढे बोर घाटातले बोगदे, सिंदिया ही जहाज कंपनी, विशाखापट्टणमची गोदी, प्रीमियर ही मोटार कंपनी असा पसारा वाढत गेला. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर त्यांनी ऊस लावला, १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला, आणि तेच वालचंदनगर. सोलापुरातल्या वालचंद कॉलेजातून तुमच्यापैकी कुणी पास झालं असेल, तर डिग्रीवर नाव याच घराण्याचं आहे.

त्यांची एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवा, कारण ती लेखाच्या शेवटी परत येणार आहे. डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट नावाची विमान कंपनी काढली. महायुद्ध सुरू होतं, १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. १९६४ पासून तिचं नाव हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल. वालचंद १९५३ मध्येच गेले. भारताचं पहिलं रॉकेट त्यानंतर दहा वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून उडालं. तेही अमेरिकेहून आणलेलं नाइके-अपाचे. म्हणजे अंतराळाशी या माणसाचा थेट संबंध शून्य.

साखरेचा कारखाना रॉकेटमध्ये कसा शिरला?

उसाचा चरक तुम्ही रसवंतीवर पाहिला असेल. साखर कारखान्यातला चरक म्हणजे तोच, पण घराएवढा. तो बनवायला जाड पोलाद वाकवणं, जोडणं, घासून गोल करणं आणि मोठमोठे गिअर कापणं हे सगळं यायला लागतं. वालचंदनगरला आधी स्वतःच्या कारखान्याची दुरुस्ती, मग इतरांसाठी साखरेची यंत्रं, असं करत हे कौशल्य जमा झालं. १९७०च्या दशकात इस्रोला नेमकं हेच हवं होतं: जाड भांडी बनवू शकणारे देशी हात.

भांडी हा शब्द मी गमतीने वापरत नाहीये. घन इंधनाचं रॉकेट म्हणजे मुळात एक लांबलचक भांडं असतं. द्रव इंधनाच्या रॉकेटमध्ये टाक्या, पंप, व्हॉल्व्ह अशी प्लंबिंग असते. घन इंधनात तसलं काही नाही. पोलादी नळकांडं घ्यायचं, त्यात इंधन ओतून घट्ट होऊ द्यायचं, मधोमध पोकळी ठेवायची आणि पेटवायचं. इंधन आतून बाहेरच्या दिशेने जळत जातं, म्हणजे शेवटपर्यंत न जळलेलं इंधनच भिंतीला आगीपासून वाचवतं. आतल्या पोकळीचा आकार बदलला की जोर कधी जास्त आणि कधी कमी हेही बदलतं. सगळा प्रोग्रॅम आधीच आकारात लिहून ठेवलेला. एकदा रन केला की एडिट नाही.

हे इंधन काय असतं? अमोनियम पर्क्लोरेट नावाचं ऑक्सिजन देणारं रसायन, ॲल्युमिनियमची भुकटी आणि दोन्हीला धरून ठेवणारं एचटीपीबी नावाचं रबरासारखं पॉलिमर. ओतताना घट्ट पिठासारखं आणि भट्टीत मुरल्यावर खोडरबरासारखं. भारतात या घन इंधनाचा पाया ज्यांनी घातला त्यांत एक मोठं नाव पुण्यात जन्मलेल्या डॉ. वसंत गोवारीकरांचं. इंग्लंडमध्ये काम करत होते, विक्रम साराभाईंनी बोलावलं, आले. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला तेव्हा तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते. (पुढे त्यांच्याच पुढाकाराने पावसाच्या अंदाजाचं सोळा घटकांचं मॉडेल आलं. दुष्काळी सोलापूरकराला खरं तर तेच जास्त ओळखीचं असायला हवं.)

तुमच्या मोबाइलएवढी जाडी

आता माझा सगळ्यात आवडता भाग.

एलव्हीएम-३ च्या दोन बाजूंना जे बूस्टर असतात त्यांना एस-२०० म्हणतात. प्रत्येकात सुमारे २०५ टन इंधन. रुंदी ३.२ मीटर, म्हणजे एसटी बसपेक्षा जास्त. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा याचा धाकटा भाऊ, एस-१३९: रुंदी २.८ मीटर, इंधन १३९ टनांच्या आसपास.

आणि या सगळ्याला धरून ठेवणाऱ्या पोलादी भिंतीची जाडी? साधारण ८ मिलिमीटर. खिशातला मोबाइल काढून आडवा धरा. तेवढी.

इंधन पेटलं की आत ५० बारपेक्षा जास्त दाब तयार होतो. गाडीच्या टायरमध्ये २-अडीच बार असतो. घरच्या कुकरची शिट्टी तर बाहेरच्यापेक्षा जेमतेम १ बार जास्त झाला की वाजते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात एक सूत्र शिकवतात: दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. एस-१३९ साठी करून बघा. दाब ५.५ मेगापास्कल धरा, त्रिज्या १४०० मिलिमीटर, जाडी ८. उत्तर येतं ९६० मेगापास्कलच्या वर. बांधकामाच्या सळईचं साधं पोलाद ५००-५५० ला हार मानतं. म्हणजे साधं पोलाद वापरायचं तर भिंत दुप्पट-तिप्पट जाड करावी लागेल, आणि मग रॉकेट स्वतःचंच वजन उचलत बसेल.

म्हणून वापरतात मॅरेजिंग स्टील. यात कार्बन जवळजवळ नसतो, निकेल १८ टक्के असतं, सोबत कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. याची खुबी अशी की सुरुवातीला ते तुलनेने मऊ असतं. वाकवा, वेल्ड करा, घासून मापात आणा. सगळं झालं की भट्टीत ४८० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचं, की ते १७०० मेगापास्कलच्या पुढे जातं. आणि त्यात आकार फारसा बिघडत नाही. ३.२ मीटरच्या गोलात कडा दुसऱ्या गोलात अचूक बसायच्या असतात, तेव्हा हे किती महत्त्वाचं आहे ते ओळखा.

वेल्डिंग मात्र डोकेदुखी. एक्स-रे आणि अल्ट्रासाउंडने प्रत्येक सांधा तपासला जातो, मग आत पाणी भरून दाब देऊन भांडं टिकतं का ते बघतात. एखादी बारीक चीर राहिली तर? ताण चिरेच्या टोकाला जमा होतो आणि ती पळत सुटते.

इथे माझी एक कबुली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका पेमेंटच्या कोडमध्ये रक्कम राउंड करताना चूक केली. शुक्रवारी रात्री लाइव्ह गेलं, शनिवारी सकाळी फोनवर फोन. दुपारपर्यंत पॅच टाकला, दोन दिवस शिव्या खाल्ल्या, विषय संपला. आमच्या धंद्यात चूक परत उघडता येते. घन बूस्टरमध्ये येत नाही. पेटल्यावर तो सव्वादोन मिनिटं जळणारच, बंद करायचं बटणच नसतं.

सॉफ्टवेअरवाल्यांनीही फार हसू नये

२० सप्टेंबर १९९३. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण. ज्या भारी पोलादी पहिल्या टप्प्याची सगळ्यांना धास्ती होती, तो मस्त जळला. गडबड झाली वर, दुसरा टप्पा सुटताना. रॉकेट जरा हललं, संगणकाने ते सरळ करायला हवं होतं, पण पिच म्हणजे नाक वर-खाली करण्याच्या नियंत्रणाच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. आज्ञेची किंमत ठरलेल्या कमाल मर्यादेबाहेर गेली तरच ती चूक वर यायची. नेहमीच्या टेस्टमध्ये कशाला दिसेल? रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. पुढच्या वर्षी १५ ऑक्टोबरला दुसरं उड्डाण यशस्वी झालं, आणि त्यानंतर पीएसएलव्हीने मागे वळून फारसं पाहिलं नाही.

यंत्रमानवी मोहिमांचा भारताचा इतिहास याच पोलादी नळकांड्यावर उभा आहे, हे आपल्या लक्षात येत नाही कारण बातम्यांत फोटो यानाचा येतो. २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ पीएसएलव्हीवरून गेलं. त्यावरच्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या. ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत, पहिल्याच प्रयत्नात. २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट दुर्बीण गेली, जिच्यामागे मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका आहे. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ सूर्याकडे निघालं, त्यावरची अतिनील किरणांत सूर्याचे फोटो काढणारी सूट ही दुर्बीणही आयुकाच्याच नेतृत्वाखाली बनली. चारही वेळा रॉकेट पीएसएलव्हीच.

चांद्रयान-२ जड होतं म्हणून एस-२०० वाल्या मोठ्या रॉकेटवर गेलं, २२ जुलै २०१९ ला. रॉकेटने काम चोख केलं. लँडर ७ सप्टेंबरला पहाटे कोसळला. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त होता, चुका साचत गेल्या, आणि यान किती वेगाने वळू शकतं यावर सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा आडवी आली. उतरायची जागाही ५०० बाय ५०० मीटर इतकी लहान दिली होती. चांद्रयान-३ ला तीच जागा ४ बाय २.४ किलोमीटर करून दिली. "काय चुकू शकेल" याची यादी आधी, आणि मग डिझाइन.

वर माणूस बसला की

आत्तापर्यंत जे गेलं त्यात जीव कुणाचा नव्हता. गगनयानात असणार आहे. योजना अशी: तीन जण, ४०० किलोमीटरची कक्षा, तीन दिवस. आधी माणसाविना उड्डाणं, मग माणसं. आणि रॉकेट तेच, एस-२०० वालं.

राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयूझमधून गेले, शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला फाल्कन-९ वरून. दोन्ही रॉकेटं द्रव इंधनाची. द्रव इंजिन पेटवून, दोन-चार सेकंद बघून, काही बिनसलं तर बंद करता येतं. घन बूस्टरवर माणसं बसवायची तर ज्या उदाहरणाकडे सगळे बघतात ते आहे चॅलेंजर.

२८ जानेवारी १९८६, फ्लोरिडा, तापमान जेमतेम २ अंश. शटलचे घन बूस्टरही तुकड्यांत बनायचे, कारण एवढं मोठं नळकांडं एकसंध वाहून नेणं शक्य नव्हतं. दोन तुकड्यांच्या सांध्यात रबरी रिंग असायची. आपल्या कुकरची गॅस्केट आठवा. जुनी झाली, कडक झाली की बाजूने वाफ सोडते, आणि आई म्हणते गॅस्केट बदल. थंडीने चॅलेंजरच्या उजव्या बूस्टरमधली रिंग अशीच कडक झाली. उडताना सांध्यातून काळा धूर दिसला, मग ज्योत बाहेर आली आणि ७३ व्या सेकंदाला सगळं संपलं. सात जण गेले. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर उड्डाण थांबवा म्हणत होते. व्यवस्थापनाने ऐकलं नाही. मला या गोष्टीत रबरापेक्षा हीच मीटिंग जास्त छळते, कारण तसल्या मीटिंगा मी पाहिल्यात. फक्त तिथे पणाला डेडलाइन असते.

एस-२०० देखील तीन तुकड्यांचा आहे. एकाची जिभेसारखी कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, भोवताली पिना आणि मध्ये रबरी रिंगा. म्हणूनच माणसांसाठी जी सुधारित आवृत्ती केली, एचएस-२००, तिच्यात केसिंगच्या सांध्यांना जादा सुरक्षा दिली, आतलं उष्णतारोधक अस्तर आणि पेटवण्याची यंत्रणा अधिक भक्कम केली. १३ मे २०२२ ला श्रीहरिकोटाला हा बूस्टर जमिनीवर बांधून पूर्ण १३५ सेकंद पेटवला आणि सुमारे ७०० मोजमापं घेतली.

तरीही फाटलाच तर? मग उरते पळवाट: माणसांची कुपी वरच्या वर खेचून नेणारी छोटी घन रॉकेटं. त्याची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ ला झाली. तुम्ही लाइव्ह बघितली असेल तर आठवेल, उड्डाणाच्या ५ सेकंद आधी संगणकाने स्वतःच सगळं थांबवलं होतं. लोकांनी कमेंटमध्ये नाकं मुरडली. मी मात्र खुर्चीतून उठून टाळी वाजवली. १९९३ च्या त्या प्रोग्रॅमनंतर तीस वर्षांनी संगणक योग्य वेळी नको म्हणाला होता. कारण शोधून त्याच सकाळी १० वाजता उड्डाण झालं, कुपी सुटली आणि पॅराशूटने समुद्रात उतरली.

आता ती बाजूला काढून ठेवलेली गोष्ट. गगनयानाच्या कुपीचा पहिला सांगाडा इस्रोला कुणी बनवून दिला? एचएएलने, म्हणजे १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंदांनी काढलेल्या त्याच विमान कंपनीने. १८ डिसेंबर २०१४ ला ही माणसाविना कुपी एलव्हीएम-३ च्या पहिल्या प्रायोगिक उड्डाणातून १२६ किलोमीटरपर्यंत गेली आणि बंगालच्या उपसागरात पॅराशूटने उतरली. खाली दोन एस-२०० आणि वर एचएएलची कुपी.

काकांना हे सगळं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "मग मी काय वेगळं म्हणालो होतो?"

बरोबर दहा वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ ला, माणसांसाठीच्या एलव्हीएम-३ ची जोडणी श्रीहरिकोटाला सुरू झाली. पहिला भाग उभा केला तो एस-२०० चा, नॉझलकडचा, सगळ्यात खालचा सेगमेंट.